दोन पडदे वर

"बी," मी मागे वळून पट्टी सांगितली.

कॉयनं बँजोच्या मानेवरचा, पट्टी बदलायचा चिमटा सरकवला. डेन्व्हरनं माणसाएवढ्या उभ्या बास वाद्यामागून मान हलवली. पुढे माईकपाशी उभे असलेले दाजी टाळ्या थांबायची वाट बघत होते. त्यांच्या कानात यंत्र आहे, आणि टाळ्या सुरू झाल्या की त्यातून नुसती खरखर येते असं ते नेहमी सांगतात. माझा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नाही. पोचणार नाही हे मला ठाऊक होतं.

मी चार ठोके वाजवले आणि गाणं निघालं.

ही मागच्या ऑगस्टमधली गोष्ट. सॉरवुड खिंडीचा गाण्याबजावण्याचा मेळा, शनिवारची दुपार, समोर कुरणावर दोन-अडीच हजार माणसं आपापल्या घडीच्या खुर्च्यांत बसलेली. दाजी, म्हणजे व्हर्लिन कीन, हे माझ्या थोरल्या बहिणीचे, नेवाताईचे यजमान. या मेळ्यात ते अडतीस वर्षं गात होते, आणि अडतीस वर्षं मी त्यांच्या डाव्या हाताला गिटार घेऊन उभी होते. बँजोवर कॉय रॅस्निक, बासवर नेवाताईचा मुलगा डेन्व्हर. इतकाच आमचा संच.

शेवटचं गाणं ठरलेलं असे, नावाड्याचं. ते दाजींच्या वडिलांनी रचलेलं. पूल व्हायच्या आधी नदीवर होडी तेच चालवायचे. ते गाणं दाजी बी मध्ये गात. आमच्या संगीतात गाणाऱ्याचा गळा बघून पट्टी ठरते आणि बाकीचे सगळे तिथे जाऊन उभे राहतात. सुरुवात गिटार करते, म्हणून पट्टी सांगायचं काम गिटारवालीचं. मी ती सांगत आले, पण ठरवायचे दाजी.

त्या दिवशी कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी त्यांनी मला ट्रकच्या मागे बोलावलं होतं. फेब्रुवारीत त्यांना न्यूमोनिया झाला होता. तेव्हापासून जिना चढला तरी ते मध्ये थांबत आणि बुटाची नाडी बांधल्यासारखं करत.

"आर्डी, शेवटचं ए मध्ये घे आज," ते म्हणाले. "पोरांना कारण सांगू नकोस. नुसती पट्टी सांग. बी झेपायची नाही मला."

"बरं, दाजी."

"आणि नेवाला तर मुळीच नको. ती लगेच डॉक्टरकडे नेईल."

ए म्हणजे बीच्या खाली दोन पडदे. गिटारच्या मानेवर मोजली तर दोन बोटांची जागा. ऐकणाऱ्याला फरक कळतसुद्धा नाही. गाणाऱ्याला मात्र एक टेकडी असते आणि एक डोंगर.

दाजींनी पहिलं कडवं कसंबसं नेलं. मला बाजूनं त्यांच्या मानेची शीर दिसत होती. धृपदात आम्ही तिघं एका माईकपाशी येतो. मधे दाजी, वरचा आवाज कॉयचा आणि तिसरा माझा. दुसऱ्या धृपदात नावाड्याला हाक मारायची ओळ आली, ती सगळ्यांत उंच. दाजींनी तोंड उघडलं आणि आवाज फाटला. सुती कापड टर्रकन फाटावं तसा. ते एक पाऊल मागे सरकले. कॉय त्यांच्याकडे बघत राहिला, म्हणून तोही थांबला.

मी थांबले नाही. सवयीनं गात राहिले. आमच्यात तिसरा आवाज चालीच्या खालून जातो, मधेच वर येतो, जिथे जागा रिकामी असेल तिथे बसतो. तो एकटा कोणी ऐकत नाही. एकटा ऐकला तर ते गाणंच वाटत नाही, कोणीतरी चुकतंय असं वाटतं. त्या दुपारी अडीच हजार माणसांनी ती ओळ फक्त माझ्या आवाजात ऐकली. पहिल्या रांगेतल्या एका बाईनं मान खाली घातली.

दाजींनी हात वर करून लोकांचा निरोप घेतला आणि पायऱ्या उतरले. त्यानंतर ते गायले नाहीत.

*

मी शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काम केलं. लग्न केलं नाही. माझ्या चोविसाव्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हा मी देवापुढे तीन गोष्टी बोलले. रोज पहाटे कॉफीच्या आधी गुडघ्यांवर एक स्तोत्र वाचीन. शुक्रवारी सूर्य मावळेपर्यंत काही खाणार नाही. आणि दुपारचे बारा वाजेपर्यंत कोणालाही वाकडा शब्द बोलणार नाही. आई सावरली, आणखी सोळा वर्षं जगली. नवस तिच्यामागेही चालू राहिले. शाळेच्या स्वयंपाकघरात सगळे गोंधळ बाराच्या आतच होतात, त्यामुळे तिसरा नवस सर्वांत कठीण होता. पण पाळला. माझ्या तोंडून कोणी दुखावलं असेल असं मला आठवत नाही, आणि या गोष्टीचा मला, खोटं कशाला बोलू, अभिमान होता.

त्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी आमच्या रेकॉर्ड विकायच्या टेबलामागे खोकी उघडत होते. पुढच्या बाजूला एक रेडिओवाला दाजींशी बोलत होता.

"तो तिसरा आवाज कोणाचा?" त्यानं विचारलं.

"ती? ती माझ्या बायकोची बहीण," दाजी म्हणाले. "भर घालते."

रेडिओवाल्यानं पुढचा प्रश्न विचारला. मी खोक्यातले कागद काढून घड्या घालत बसले. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती, त्यामुळे बोलायचा प्रश्नच नव्हता. बारा वाजले. मग एक वाजला. मी मोकळी होते. ट्रकच्या मागे दाजी माझ्याशी बोलले तेव्हा दीड वाजला होता. तेव्हा एक वाक्य बोलून टाकलं असतं, "दाजी, सकाळी तुम्ही असं का म्हणालात?" तर त्यांनी टोपी मागे सारून डोकं खाजवलं असतं आणि विषय संपला असता. मी "बरं, दाजी" म्हणाले.

नंतर लोक म्हणाले, न्यूमोनियानं फुप्फुसं नेली. नेवाताई म्हणाली, देवानं थांबायची वेळ दाखवली. मी देवाला सांगितलं की हाताची सवय. अडतीस वर्षं त्या गाण्याला चिमटा चौथ्या पडद्यावर लागला, तसाच लागला. रोज पहाटे मी हे सांगत होते आणि रोज मला वाटे की पलीकडे कोणी ऐकत नाहीये. एखाद्या रिकाम्या खोलीला सांगावं तसं.

ए सांगितली होती हे दोघांनाच माहीत होतं. त्यातले एक दाजी, आणि त्यांना वाटत होतं की गाणं ए मध्येच होतं.

*

आमच्या चर्चमध्ये दर तीन महिन्यांनी प्रभुभोजनानंतर पाय धुतात. बायका बायकांचे, पुरुष पुरुषांचे. पत्र्याचं घमेलं, कोमट पाणी, कमरेला टॉवेल. नेवाताई आणि मी लहानपणापासून एकमेकींचे धुतो. पण त्याआधी ज्याचं आपण वाईट केलं असेल त्याच्याकडे जाऊन ते मिटवायचं असतं, नाहीतर टॉवेलाला हात लावायचा नाही. मेळ्यानंतरच्या वर्षात मी चारही वेळा मागच्या बाकावर बसून राहिले. एकदा सर्दी होती. मग गुडघा होता. पुढच्या दोन वेळाही गुडघाच होता.

या वर्षी मेळ्याच्या शनिवारी सकाळी ताई आमच्या ट्रकशेजारी ताडपत्रीखाली बसून टोमॅटो कापत होती. कॉय पावावर मेयोनीज लावत होता.

"पुढच्या रविवारी पाय धुवायचेत," ताई म्हणाली.

"हं."

"हं काय? गुडघा कसा आहे?"

"आहे तसाच."

"तासभर गिटार गळ्यात घालून उभा राहतो तुझा गुडघा. आणि देवाच्या दारात तेवढा वाकत नाही?"

"ताई, तिला सोड," कॉय म्हणाला. "तिला माझे पाय धुवायला लागतील म्हणून घाबरते ती."

"तुझे पाय धुवायला घमेलं नाही, नदी लागेल. मीठ इकडे दे."

"माझी आजी म्हणायची, रॅस्निकांचे पाय पेरणीच्या आधी धुऊ नयेत, जमिनीचा कस जातो."

ताई हसली. मग सुरी पुसता पुसता, काही विशेष नसल्यासारखं म्हणाली, "घरात अगदी चिडीचूप असतं गं. आधी शेंगा मोडतानासुद्धा गुणगुणायचे. मला राग यायचा, म्हणायचे जरा गप्प बसा. आता रेडिओ लावून ठेवते. त्यांना वाटतं मला बातम्या आवडतात."

मी तिथून उठले. या वर्षी आम्ही नुसतं वाजवत होतो. मधे दोन हसायची गाणी कॉय म्हणायचा. मेळ्याच्या मंडळींनी रविवारी सकाळच्या भजनांच्या वेळी दाजींचा सत्कार ठरवला होता. मंडळाच्या बाई चार वेळा येऊन विचारून गेल्या होत्या की एखादं तरी म्हणतील का. चारही वेळा दाजी म्हणाले, "बघू." मला त्या "बघू"चा अर्थ कळत होता. त्यांना म्हणायचं होतं आणि भीती वाटत होती. एक वर्षापूर्वी त्याच पायऱ्यांवरून ते खाली आले होते, आणि त्यांची अशी समजूत होती की सोप्या पट्टीतही आपल्याला जमलं नाही. ती समजूत फक्त मी दूर करू शकत होते. उद्या सकाळच्या आत.

मी बारा वाजायची वाट पाहिली. सांगायचं होतं त्यात वाकडं काही नव्हतं, तरी पाहिली.

*

दाजी ट्रकच्या मागे, पलीकडच्या तळावर चाललेलं वादन ऐकत बसले होते. तिथे पाचसहा जण गोल करून उभे होते, एक फिडलवाली पुन्हा पुन्हा तीच धून उचलत होती. ताई गावच्या बचाव पथकाच्या वर्गणीसाठी बायकांनी लावलेल्या हातगाडीवर घेवडा आणि मक्याचा पाव आणायला गेली होती.

"दाजी, मागच्या वर्षी तुम्ही मला ए सांगितली होती."

"हं?"

"शेवटच्या गाण्याला. ए."

"मग?"

"मी बी लावली."

त्यांनी कानातलं यंत्र काढलं, फुंकर मारली, पुन्हा बसवलं. "काय म्हणालीस? तिकडचा आवाज येतोय सगळा."

मला ते दुसऱ्यांदा बोलावं लागलं, मोठ्यानं. "तुम्ही ए सांगितली होती. मी बी लावली. तुमचा आवाज बी मध्ये फाटला, ए मध्ये नाही."

फिडलची धून संपली आणि पलीकडे कोणीतरी हसलं. दाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"विसरलीस," ते म्हणाले. "इतक्या वर्षांचा हात आहे. आपसूक गेला असेल."

त्यांनी दार उघडून दिलं होतं. मी वर्षभर त्याच दाराशी उभी होते, देवाला तेच सांगत होते.

"नाही," मी म्हणाले. "हात दुसऱ्या पडद्यावर गेला होता. चिमटा तिथे बसवलाही होता. मी तो सरकवला."

हे मी त्याआधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. पण सांगितल्यावर बोटांना आठवलं. स्प्रिंग दाबल्याचं, दोन पडदे ओलांडल्याचं, पुन्हा सोडल्याचं.

"का?"

"सकाळी तुम्ही रेडिओवाल्याला सांगितलंत, मी भर घालते म्हणून."

"कुठला रेडिओवाला?"

"टेबलापाशी आला होता तो. लाल शर्टातला."

त्यांनी मनापासून आठवून बघितलं, ते मला दिसलं. त्यांच्या हाती काही लागलं नाही.

"असं म्हणालो मी?"

"हो."

"आणि तू ऐकलंस."

"हो."

"तेव्हाच का नाही बोललीस? माझ्या तोंडावर फेकायचं होतंस."

"बारा वाजायचे होते, दाजी."

माझा नवस त्यांना माहीत होता, घरात सगळ्यांनाच माहीत होता. त्यावरून डेन्व्हर लहानपणी मला सकाळी मुद्दाम चिडवायचा.

"आणि बारानंतर?"

बारानंतर जीभ मोकळी होती, पण मी काम हाताला दिलं होतं. आणि हाताबद्दल मी देवाला कधी काही वचन दिलेलं नव्हतं.

"एकदा जानेवारीत," दाजी म्हणाले, "कोंबड्यांना दाणे टाकत होतो. बर्फ होतं. तोंड उघडलं, म्हटलं बघू. मग वाटलं, ए सुद्धा गेली तुझी, आता काय बघतोस? मिटलं. कोंबड्यांपुढेसुद्धा लाज वाटली."

"दाजी—"

"गिटार काढ."

मी गिटार काढली. त्यांनी मला चिमटा दुसऱ्या पडद्यावर लावायला सांगितला आणि खुर्चीतून उठले. बसून ते कधी गात नाहीत. ए मध्ये धृपदाची पहिली ओळ आली, दुसरी आली, तिसरीत नावाड्याला हाक मारायच्या जागी नुसता वारा निघाला. त्यांनी हातानं खाली अशी खूण केली. मी चिमटा काढून टाकला, जी. त्यातही तिथेच अडलं. त्याच्या खाली जायचं तर बोटांची सगळी मांडणी बदलावी लागते. ते गाणं मी तसं कधी वाजवलं नव्हतं, अडखळत वाजवलं. एफ. मग ई.

ई मध्ये ते गाणं अखेरपर्यंत गेलं. प्रत्येक सूर जागेवर. पण त्यात हाक नव्हती. कोणीतरी चर्चमधल्या सूचना वाचून दाखवाव्यात तसं ते गाणं नदीच्या अलीकडेच राहिलं.

"वर्षभर वापरला नाही," दाजी म्हणाले. "चालता पंपसुद्धा वर्षभर बंद ठेवला तर वायसर सुकतात."

"माझ्यामुळे."

त्यांनी "नाही" म्हटलं नाही. मी त्याचीच वाट बघत होते हे मला त्या क्षणी कळलं आणि अधिकच लाज वाटली.

"मागच्या वर्षी ए मध्ये लागला असता का गं?" त्यांनी विचारलं.

"मला नाही सांगता येणार, दाजी."

"मलाही नाही. ते आता कधीच कळायचं नाही." ते हळू खाली बसले, टोपी घातली. "नेवाला सांगितलंस?"

"नाही."

"सांग. मी सांगणार नाही. तुझं तू सांग."

पलीकडे फिडलवालीनं पुन्हा तीच धून उचलली. दाजींनी कानातलं यंत्र काढून शर्टाच्या खिशात टाकलं, म्हणजे माझं बोलणं संपलं होतं.

ताईला मी तासाभरानं सांगितलं. ती तेव्हा उरलेला पाव चंदेरी कागदात गुंडाळत होती. मी सगळं सांगितलं, लाल शर्टापासून ई पर्यंत. तिनं एकदाही मधे तोडलं नाही. सगळा पाव गुंडाळून झाल्यावर तिनं तो उलगडला आणि परत पहिल्यापासून गुंडाळला.

"रेडिओ मी बातम्यांसाठी लावत नव्हते," ती म्हणाली.

"माहीत आहे, ताई."

"तुला माहीत होतं. मी तुझ्यासमोर बोलत होते आणि तुला माहीत होतं."

"पुढच्या रविवारी मी येईन. तू बसू देशील तर."

"ते मला आत्ता विचारू नकोस," ताई म्हणाली. "आणि उद्याही विचारू नकोस."

*

रविवारी सकाळी मेळ्याचं फाटक तिकिटाशिवाय उघडं असतं. रविवारी पैशासाठी काम करायचं नाही असा माझा नेम; त्या दिवशी गाण्याचे कोणी कोणाला पैसे देत नाही, म्हणून मी वाजवू शकते. धुकं अजून कुरणावर होतं. खुर्च्या ओल्या होत्या, लोक टॉवेलनं पुसून बसत होते. मी पहाटे स्तोत्र वाचलं होतं. समोर कोणी ऐकतंय की नाही हे मी या वेळी बघितलं नाही.

सत्कार लहानसाच झाला. मंडळाच्या बाईंनी अक्रोडाच्या लाकडाची पाटी दिली, तिच्यावर दाजींचं नाव आणि वर्षं कोरली होती. त्या दोन शब्द बोलल्या, तीनदा अडखळल्या. दाजींनी पाटी दोन्ही हातांनी धरली, उष्टी ताटली धरतात तशी, कुठे ठेवावी हे न कळून.

"आभारी आहे," ते माईकमध्ये म्हणाले. "अडतीस वर्षं तुम्ही बसून राहिलात. पावसातसुद्धा."

लोक हसले. मग मागून कोणीतरी ओरडलं, "नावाड्याचं." आणखी दोघेतिघे तेच म्हणाले. ओळखीचं हसू सगळ्या कुरणावर पसरलं. सगळ्यांना वाटत होतं आता ते नाही नाही म्हणतील आणि गातील.

मी दाजींकडे पाहिलं. माझी बोटं ई च्या जागेवर तयार होती. डेन्व्हरला आणि कॉयला मी काहीच सांगितलं नव्हतं. कॉय चिमटा हातात धरून माझ्या शब्दाची वाट बघत होता.

दाजी माईकपासून बाजूला झाले.

"आर्डी म्हणेल," ते म्हणाले.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, थोड्या गोंधळून. मी जागची हलले नाही. दाजी माझ्याकडे वळले. माईक अजून जवळच होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं.

"तुझी पट्टी कुठली?"

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली, इतक्या वर्षांच्या जोडीदारणीला असं विचारणं. दाजी हसत नव्हते. टोमणाही नव्हता तो. गाणाऱ्याला विचारतात तसं त्यांनी विचारलं होतं आणि उत्तरासाठी थांबले होते.

मला माहीत नव्हतं. अडतीस वर्षांत मी रोज पट्टी सांगितली, पण माझी मला माहीत नव्हती, कारण ती कधी लागलीच नव्हती. मी नेहमी दुसऱ्याच्या पट्टीत जागा शोधली. ती मला कोणी विचारली नाही म्हणून मागच्या वर्षी मी एवढी रागावले होते का? आणि आज ज्यांनी विचारली त्यांच्याकडे आता एकही उरली नव्हती.

"मावशी?" डेन्व्हर मागून हळूच म्हणाला.

"डी," मी म्हणाले. अंदाजानं.

कॉयनं चिमटा खिशात टाकला. मी ठोके दिले आणि माईकपाशी गेले. चाल मला पाठ होती. इतकी वर्षं मी तिच्याच बाजूनं चालत आले होते. पहिलं कडवं गेलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा जाड निघाला, पण हलला नाही. धृपदाला कॉय वरचा आवाज घेऊन आला. तिसऱ्या आवाजाची जागा माझ्या डाव्या खांद्यापाशी रिकामी होती. दाजी तिथून दोन हातांवर उभे होते. मला वाटलं ते येतील. खालचा आवाज आहे, हाक नाही त्यात, त्यांना जमला असता.

ते आले नाहीत. दुसऱ्या धृपदालाही आले नाहीत. नावाड्याला ती हाक मी मारली. ती समोरच्या झाडांपर्यंत गेली, मी ती जाताना ऐकली. त्यात मला आनंद झाला असं म्हणवत नाही. झाला नाही असंही म्हणवत नाही, आणि पुढच्या रविवारी ताईनं मला तिच्यासमोर बसू दिलं तर हेसुद्धा तिला सांगावं लागेल.

पहिल्या रांगेत ताई पर्स मांडीवर घेऊन बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, दाजींकडे बघत होती.

गाणं संपलं. लोक उठून उभे राहिले. मी बाजूला पाहिलं. दाजींनी ती लाकडी पाटी काखेत दाबली, दोन्ही हात मोकळे केले आणि टाळ्या वाजवल्या. लोकांच्या आधी नाही, लोकांच्या नंतर नाही. कुरणात बसून ऐकलेला कोणीही माणूस वाजवतो तशा.